आतल्या बायकांचं वाण

अगं, संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले तरी माझं डोकं तापलेलंच आहे. घोडबंदर रोडला वहिनीकडे हळदीकुंकवाला गेलेले. बायका फार, म्हणून पदर खोचून आत गेले आणि तिच्या कामवालीला, संगीताला, मसाला दूध ओतायला मदत करत होते. तेवढ्यात वहिनीची नवी शेजारीण वाण वाटत आत आली. संगीताला प्लास्टिकची साबणदाणी दिली, आणि मलाही साबणदाणी! बाहेर हॉलमध्ये सगळ्यांना स्टीलचे डबे.

मी विचारलं, “हे काय?”

“आतल्या बायकांचं वेगळं आणलंय.”

अशी सणकले ना मी! “आतल्या बायका म्हणजे? या घरची नणंद आहे मी! डोंबिवलीला कॉलेजात वीस वर्षं समाजशास्त्र शिकवते! खोचलेल्या पदरावरून माणसाचा दर्जा ठरवता? लाज नाही वाटत?”

“अय्या, सॉरी मॅडम, मला वाटलं तुम्ही कामाला आहात,” म्हणत तिने साबणदाणी काढून घेतली आणि डबा दिला. मी तो घेतला. वर “पुढच्या वेळी बघून द्या,” असंही ऐकवलं.

ती गेल्यावर संगीता म्हणाली, “बरं झालं ताई, बोललात. नाहीतर तुम्हाला पण हेच न्यायला लागलं असतं.”

टोमणा नव्हता गं, मनापासून म्हणाली. तिची साबणदाणी तिच्याच हातात होती. वीस वर्षं शिकवते मी, आणि भांडले कशासाठी? माझ्या डब्यासाठी!