शिवहारचा डावा डोळा

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या वारंगा फाट्याचं ज्यांच्याशिवाय पान हलत नाही ते रतनसिंगजी. व्यासपीठावर विराजमान झालेले शेजारच्या डोंगरकडा गावचे आणि पंचक्रोशीतले मान्यवर. ज्याच्यासाठी आपण सगळे खुरपणी टाकून जमलो तो आपला मुष्टियोद्धा शिवहार. त्याचे वडील रखमाजीभाऊ. समोर महिलांमध्ये बसलेल्या त्याच्या मातोश्री चंद्रभागाभाभी. आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले माझ्या दुकानाचे जुने, फुकटे प्रेक्षक. सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मी अन्सार, टीव्ही दुरुस्त करणारा. आतापर्यंत माझ्या तोंडून या गावानं दोनच वाक्यं ऐकली असतील, "पिक्चर ट्यूब गेली" आणि "उद्या या." तरीही अध्यक्षांनी आग्रह केला की शिवहारबद्दल दोन शब्द तुम्हीच बोला, कारण त्याला बॉक्सिंगचं वेड तुम्ही लावलं. ते खरं आहे. म्हणूनच आज मी इथं उभा आहे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. उन्हाळ्यानंतर दुकानावर नवी डिश बसवली होती. रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाचा टीव्ही चालू करून पाहत होतो, तर अमेरिकेतली लढत लागली. टायसन आणि होलिफिल्ड. तिसऱ्या फेरीत टायसननं समोरच्याचा कान चावला. मी सोल्डरिंगचं हत्यार हातात धरून तसाच उभा! मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, त्यानं काहून चावलं हो?" वळून पाहिलं तर दारात सतरा वर्षांचा शिवहार. रस्त्याच्या कडेला मेंढरं थांबवून आत डोकावत होता.

मी म्हणालो, "भ्याला म्हणून चावलं. ज्याला ठोशाचा भरोसा राहत नाही तो दात लावतो."

माझं हे मत आजही बदललेलं नाही. लोक टायसनला राक्षस म्हणतात. मला तो कायम भ्यालेला माणूस वाटला. समोरचाही आपल्याला भ्याला तरच त्याला लढता यायचं. होलिफिल्ड भ्याला नाही, तिथंच खेळ संपला. तेव्हा शिवहारनं माझ्या तोंडाकडं पाहत विचारलं, "मग न भिता लढता येतं का?" मी काय सांगणार? मी आयुष्यात कुणाला चापट मारलेली नाही. पण फुशारकीनं बोललो, "येतं की. तूच लढून दाखव."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मेंढरं राखून तो नांदेडला तालमीला जायचा. राज्याचं पदक आणलं. आपण ढोल लावून त्याला फाट्यावरून गावात नेलं. आणि दर मोठ्या लढतीला तो माझ्या दुकानात असायचा. नव्व्याण्णवला होलिफिल्ड आणि लुईसची लढत बरोबरीत सोडवली, त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. लुईसनं बारा फेऱ्या त्याला झोडपलं होतं, आंधळ्यालाही दिसत होतं! मी म्हणत होतो, त्या पंचांना डोळे होते का?

डोळे. हा शब्द माझ्या तोंडात आला आणि आता मला तो गिळता येईना.

सूत्रसंचालकांनी चिठ्ठी दिली आहे की शिवहारला नांदेडच्या स्टेशनावर न्यायची जीप तासाभरात येणार, आटोपतं घ्यावं. अध्यक्ष महोदय, मला थोडी मुभा द्या. जीप आली की हे बोलून उपयोग नाही.

शिवहार आज बँकॉकला निघाला. आठ फेऱ्यांची व्यावसायिक लढत. बाहेर फलक लागलाय, 'वारंग्याचा वाघ'. त्यात खोटं काही नाही. पण मार्चमध्ये अकोल्याला जी लढत झाली, जिच्यात तो जिंकला आणि जिच्यासाठी आपण पेढे वाटले, त्या लढतीत त्याच्या डाव्या डोळ्यावर एक ठोसा बसला होता. सूज उतरली. आपण विसरलो. आठ दिवसांनी तो दुकानात आला, मी चहा ओतून कप त्याच्या डाव्या हाताला ठेवला. त्यानं हात पुढं केला आणि कप पाडला. मी हसलो. तो हसला नाही.

"चाचा," म्हणाला, "डाव्या अंगानं काळा पडदा येऊन राहिला. कधीमधी ठिणग्या उडतात. कोनाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मी त्याला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ तपासलं आणि मला आत बोलावलं. मला मुलाचा बाप समजले असतील. म्हणाले, "आतला पडदा फाटलाय, एका कडेनं सुटू लागलाय. ऑपरेशन लवकर करा. आणि याला आणखी एक ठोसा बसला, तर हा डोळा मग कुणालाच वाचवता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये अर्धापूर गेल्यावर शिवहार म्हणाला, "बँकॉकवाले बोलवून राहिलेत. ही एक लढू द्या. आल्यावर तुमी म्हनाल तिथं डोळा दाखवतो."

रखमाजीभाऊ, तुम्ही उठू नका. बसा. पुढचं ऐका, कारण खरा गुन्हा पुढंच आहे.

मी हो म्हणालो.

काहून म्हणालो? सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या टीव्हीवर दुसऱ्यांची माणसं लढताना पाहिली होती. मला एकदा, फक्त एकदा, माझ्या दुकानातल्या पडद्यावर माझा माणूस पाहायचा होता. ही हाव होती. तिला मी प्रेम म्हणत होतो.

मुंबईच्या आयोजकानं नजर चांगली असल्याचा दाखला मागितला. तेव्हा मी काय केलं ऐका. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, तो मी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून आणला. शिवहारचा चांगला डोळा माझ्या हातानं झाकला आणि पाच दिवस त्याच्याकडून ती अक्षरं घोकून घेतली. वरून खाली, खालून वर. शाळेत पाढे पाठ झाले नव्हते त्या पोरानं सात ओळी पाठ केल्या. ज्या डॉक्टरांनी दाखला दिला त्यांचा काही दोष नाही. त्यांनी विचारलं, यानं बराबर सांगितलं. बाहेर आल्यावर मी त्याला पेढा भरवला.

आता तुम्ही विचाराल, अन्सारभाई, मग आजच कसा काय देव आठवला?

मागच्या महिन्यात, बावीस जूनला, रविवारी सकाळी लुईस आणि क्लिचकोची लढत होती. दुकान गच्च भरलं होतं. तुमच्यातले निम्मे तिथं होते. काय लढला तो क्लिचको! तिसऱ्या फेरीत डाव्या डोळ्याच्या वर चिरलं, रक्त गळायला लागलं, तरी सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर तोच पुढं होता. आणि सातव्या फेरीआधी डॉक्टरनं लढत थांबवली. तो ओरडून सांगत होता, मला लढू द्या. लोक हुर्यो करत होते. मी स्टुलावर चढून त्या डॉक्टरला शिव्या दिल्या. म्हणालो, जिंकणाऱ्या माणसाला हरवलं! माझं मत तेव्हा ठाम होतं.

माझं दुकान पुढं, घर मागं. पडद्याआडून आमच्या घरवालीनं, खतीजाबीनं, सगळं ऐकलं होतं. लोक गेल्यावर ती भांडी घासता घासता इतकंच म्हणाली, "तुम उस डाक्टर कू गाल्यां देरे. अपने शिवहार का डाक्टर कौन है?"

तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. पण तो पुठ्ठा तिनं पाहिला होता.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. मी ती लढत मनात पुन्हा पुन्हा पाहिली. त्या डॉक्टरला किती सोपं होतं हो, आणखी एक फेरी जाऊ द्यायची! हजारो लोक खूश झाले असते. त्यानं सगळ्यांच्या शिव्या घेतल्या. आज तुमच्यासमोर सांगतो, माझं मत चुकलं होतं. त्या रिंगणात सर्वांत हिंमतवान माणूस हातमोजे न घातलेला होता.

मी शिवहारकडं गेलो. तो मेंढरांना पाणी पाजत होता. म्हणालो, "नको जाऊ, लेकरा."

तो म्हणाला, "चाचा, फलक लागला. पासपोर्ट आला. बाबा पहिल्यांदा पारावर बसून लोकायशी बोलून राहिले. आता कोन्या तोंडानं न्हाई म्हनू? आन अक्षरं तर तुमीच शिकवली."

मला परत फिरावं लागलं.

मग परवा मी मुंबईला फोन केला. एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभं राहून आयोजकाला सगळं खरं सांगितलं. डोळा, दाखला, पुठ्ठा, सगळं. वाटलं, तो चिडेल, लढत रद्द करेल, माझ्यावर पोलीस पाठवेल. तो हसला. म्हणाला, "चाचा, टेन्शन मत लो. तीन राउंड खड़ा रहे, बहुत है. उधर का लड़का नया है, उसको जीत चाहिए."

कळलं का तुम्हाला? त्यांना वारंग्याचा वाघ नकोय. त्यांना पडणारा माणूस पाहिजे. त्यांच्या पोराला चढायला पायरी पाहिजे, आणि ती पायरी आपण हार घालून, ढोल वाजवून, पेढे वाटून पाठवून राहिलो! समोरच्याला एवढंच करायचंय, डाव्या अंगाला सरकायचं. तिथून येणारा ठोसा याला दिसणारच नाही. जो ठोसा दिसत नाही तोच माणसाला पाडतो, हे मी सहा वर्षं याच पोराला सांगत आलो.

शिवहार, खाली पाहू नको. मला माहीत आहे, यानंतर तू माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीस. मी भरल्या सभेत तुझी इज्जत काढली. पण सांग, मी कुठं जाऊ? डॉक्टरला मी फसवलं. आयोजकाला फरक पडत नाही. तू ऐकत नाहीस. माझ्याजवळ आता या माइकशिवाय काही उरलं नाही रे.

रतनसिंगजी, माइक बंद करू नका, तुमच्या पाया पडतो! दोन मिनिटं. मागची मंडळी, शांत राहा. मला मारायचं असेल तर नंतर मारा, मी इथंच आहे.

शिवहार, इकडं पाहा. माझ्याकडं. सरळ माझ्याकडं पाहा, मान वळवू नको.

तुझ्याजवळ आत्ता कोण उभं आहे?

बोल की. माइकमध्ये नको, मला सांग.

"कोनी न्हाई," म्हणतो.

ऐकलं का लोकहो? कोनी न्हाई म्हणतो. चंद्रभागाभाभी महिलांमधून उठून, पायऱ्या चढून, त्याच्या डाव्या अंगाला कधीच्या येऊन उभ्या आहेत. हातभर अंतरावर. तुम्हा सगळ्यांना दिसून राहिल्या. त्याला आई दिसत नाही.

भाभी, रडू नका. त्याचा हात धरा. धरा घट्ट.

...

माफ करा. मला पाणी द्या कुणीतरी.

तो काय म्हणाला ते मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. तो आईला म्हणाला, "माय, मला भेव वाटून राहिलं." सहा वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि रखमाजीभाऊंनी आपला हार काढून टेबलावर ठेवलाय. ते म्हणताहेत, "जीप येऊ द्या. नांदेडातच जायचं, पन दवाखान्यात." भाऊ, मी सोबत येतो म्हणण्याचा हक्क मला राहिला नाही. तुम्ही चल म्हणालात तर टपावर बसून येईन.

डोळा वाचेल का? मला माहीत नाही. डॉक्टरांनी लवकर म्हटलं होतं आणि आम्ही चार महिने घालवले. त्यातला प्रत्येक दिवस माझ्या नावावर आहे. फार उशीर झाला असेल तर या गावानं मला जी सजा द्यायची ती द्यावी, मी हूं का चूं करणार नाही.

अध्यक्ष महोदय, आपण माझ्या हातून माइक काढून घेतला नाही, त्याबद्दल आपला ऋणी आहे. ज्या मंडळींनी हा मंडप उभा केला, ज्या भगिनींनी ओवाळण्याची ताटं सजवली, त्यांच्या आनंदावर मी विरजण टाकलं. आपण सर्वांनी एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं रडणं ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर ती चूक पदरात घ्या. चार महिने गप्प बसलो, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. ती ज्याच्याकडं मागायची तो आत्ता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा आहे. त्याला वेळ द्या, आणि दारातली गर्दी जरा बाजूला करा. जीप आली आहे.