रोप मेलं, पेढे घ्या

राई गावच्या बसची रांग हलायचं नाव घेत नव्हती. सुगंधाच्या पुढे एक आई उभी होती, आणि तिची लेक निशिगंधा लॅबमधून थेट पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आली होती. कान न देताही सगळं ऐकू येत होतं.

“आई, माझं भाताचं रोप मेलं! खाऱ्या पाण्यात पार करपलं.”

“मेलं? मंग पेढे कसले वाटतेस गो?”

“मेलं म्हणूनच! मिठाशी झुंजणारा जीन त्यात जसाच्या तसा होता. मी फक्त त्याच्या शेजारचा डीएनएचा तुकडा काढला होता.”

“कंचा? तुजे सर भरताड बोलायचे, तो?”

“तोच. त्यातून काहीच बनत नाही, कशाला वर्षं घालवतेस, म्हणायचे. पण खारं पाणी आलं की जीनला उठवणारा तोच निघाला. तुकडा काढला, तर जीन झोपूनच राहिला.”

“आनि तुकडा न काढलेलं रोप?”

“त्याच पाण्यात हिरवंगार उभं आहे!”

“म्हंजे आपल्या बांधावरचं, खाडीचं पानी अडवनारं उघाडीचं दार. त्याला कनीस येत न्हाय, पन भरतीला ते लागलं न्हाय तर सगलं शेत गेलं.”

“अगदी तसंच!”

“मंग सर काय बोलले?”

“दोन पेढे खाल्ले.”

बस आली. आई मात्र मागे वळली, सुगंधाच्या हातावर पेढा ठेवला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली,

“घ्या ताई, तोंड गोड करा. आमच्या निशिगंधाचं रोप मेलं!”