मिरची मोडली पाहिजे

"खोटं बोलले ते हवामानवाले. सरळ खोटं. मोबाइलवर चार दिवस कडक सूर्य दाखवला, म्हणून मी गच्चीवर मिरच्या पसरल्या."

लालबागच्या डंकावर, मसाला कुटायच्या रांगेत, मीराबाई पिशवी पोटाशी धरून बोलत होत्या. मागे सुचित्रा उभी होती.

"मग पाऊस आला, मावशी? मे महिन्यात?"

"धो धो. जानेवारीत पंखा लावून झोपलो, होळीआधीच भाजून निघालो, आता हे. शेवटी घरात पसरल्या. पंख्याखाली मिरच्या आणि आमचे हे शिंकत गॅलरीत."

"थांबा ना आठवडाभर. ऊन पडेल."

"सोमवारी चाळ खाली करायचीय, बाय. नव्या खोलीला गच्ची नाही. वर्षाचा मसाला आज झाला तर झाला."

नंबर आला. डंकवाल्या गुणाजीने पिशवीतली एक मिरची वाकवली. ती मोडली नाही.

"ओली आहे, मावशी. कुटली तर महिन्यात बुरशी धरेल. वाळवून आणा."

सुचित्राने आपल्या पिशवीत हात घालून एक मिरची हळूच वाकवून पाहिली.

"आणते की. कुठल्या उन्हात वाळवू, तेवढं सांग. तुला ठाऊक नसेल तर त्या सूर्य दाखवणाऱ्यांना फोन लाव आणि विचार. मी इथेच उभी आहे."