कन्हेरीच्या दोन पट्ट्या

माझं म्हायेर कन्हेरी. आमची आय बायकांच्या भजनात म्होरं म्हणायची अन् आमी धा-बारा जणी मागनं उचलायचो, सगळ्यांचा आवाज एक झाला पायजे, एकीचा जरी वर आला तरी आय टाळ थांबवून नुसती बघायची, अन् काय सांगू तुमाला, ते बघणं लई वाईट.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्सं झाली असतील. इंदापूरच्या अंगाला कारखान्याच्या वसाहतीत गणपतीला बायकांच्या भजनाच्या स्पर्धेला ढाल लावायचे. लाकडाची ढाल, मधी पितळेची वीणा, खाली बारक्या पितळी पट्ट्या. जिंकंल त्या गावाचं नाव पट्टीवर कोरायचं, ढाल वर्सभर त्या गावात, म्होरल्या साली परत न्यायची. सलग तीनदा जिंकली तर कायमची. आमी दोनदा जिंकली, अन् म्होरल्या उन्हाळ्यात मला लोणी भापकरला दिली.

हितं बी भजन हाय, आत्याबाई, म्हंजी माझी सासू, म्होरं म्हणायची. लेक दिली की तिचा गळा बी दिला, असंच धरत्यात आमच्यात. मी पंचमीला म्हायेरी गेले तवा आयला म्हणलं, एवढ्या सालापुरती मला तुज्यात घे. आय भाकरी थापत हुती, वर बघितलं न्हाय. म्हणली, तू आता लोणीची, तितनंच म्हण, अन् आवाज चोरू नगंस, माझ्या हातची शिकल्याली हायेस तू. झालं, तिनं बी दार लावलं.

म्हणले की मग. समूर आय बसल्याली, अन् मी आत्याबायच्या मागनं उचलतीया. ढाल लोणीला आली. आय जवळ आली, म्हणली, आवाज चांगला मिसळला बाई. मला असा राग आला तिचा, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्होरल्या साली कारखान्याचा सायेब बदलून गेला, नव्याला भजनाची आवड न्हाय, स्पर्धा बंद. ढाल मागायला कुणी आलंच न्हाय, ती हितं अडकली अन् मी बी हितंच. आय मरंस्तवर आमच्या ओसरीतच बसायची, च्या पिऊन उठायची, ढाल हाय त्या माजघरात एकदा बी आली न्हाय.

दर दिवाळीला मी चिंच लावून ढालीचं पितळ घासते. कन्हेरीच्या दोन पट्ट्या जरा जास्तच, लेकीचा जीव. परवा नातसून म्हणली, आजी, ह्या दोन पट्ट्या कोऱ्याच हायेत व्हय, फकस्त लोणीचंच नाव दिसतंय.

तुमाला लेक हाय का? गाती का? गाऊ द्या तिला, कुठनं बी गाऊ द्या.