छातीवर दुसऱ्याचा नंबर

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही. आपण एक काम केलं. त्यात कुणाच्या घरची काडी हलली नाही, कुणाला धक्का लागला नाही. उलट वाया जाणारी वस्तू कामी आली. तर ते पाप की नाही?

नाही म्हणता? पेटीवालेसुद्धा मान हलवतायत. बरं, ऐका मग.

एक होते रघुवीर खटावकर. वय शेहेचाळीस. चष्म्याचं दुकान. निम्मा तालुका त्यांच्या काचांतून जग बघायचा. आणि त्यांना नाद लागला पळण्याचा. रविवार आला की पहाटे चारला उठायचं, गुडघ्याला मलम चोळायचं आणि कुठल्यातरी गावाला जाऊन दहा किलोमीटर पळून यायचं. बायको म्हणायची, "तिकडं काय ठेवलंय तुमचं? पळायचंच तर इथनं गिरणीपर्यंत पळा, दळण तरी येईल." पण नाही! शर्यत पुरी केली की सगळ्यांनाच एक पदक देतात. पहिल्यालाही देतात, शेवटच्यालाही देतात. अशी तेवीस पदकं खटावकरांच्या देवघराशेजारी खिळ्याला लोंबत होती. देवाला एक हार, ह्यांना तेवीस.

हसू नका. माणसाला काहीतरी लागतंच. खटावकरांना काय हवं होतं? दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांच्या आत. दोन वर्षं त्यांचं घोडं छप्पन्नाशी अडलं होतं.

आता एका शर्यतीची नावनोंदणी संपली आणि हे राहिले. हळहळत बसले. तर त्यांच्या पळणाऱ्या मंडळातले दामूअण्णा वाळिंबे म्हणाले, "अहो, माझं नाव आहे की. गुडघा धरलाय, मी काही येत नाही. माझा नंबर लावा आणि पळा. वाया कशाला घालवायचा?"

छातीवर कागदी नंबर लावतात, त्याला ही मंडळी बिब म्हणतात. त्याच्या पाठीला एक चकती असते. तुम्ही रेघ ओलांडली की ती चकती यंत्राला सांगते, अमका आला, इतक्या मिनिटांत आला. यंत्राला चेहरा कळत नाही. त्याला चकती कळते. आणि ह्या लोकांत ही रीतच पडलेली — एकाला जमलं नाही की दुसऱ्यानं त्याचा नंबर लावायचा. कुणाला काही वाटत नाही. जशी लग्नाची पत्रिका एकाच्या नावाची आणि जेवायला दुसराच.

पण दामूअण्णांचं वय होतं एकसष्ट. साठीच्या पुढच्यांचा नंबर पिवळा. तो खटावकरांनी छातीवर लावला आणि निघाले.

त्या दिवशी पाय असे चालले म्हणता! गार हवा, रस्ता सपाट. अर्ध्या वाटेवर वळण होतं. तिथून मागं फिरायचं. खटावकर वळणाकडे जाताना पुढचे परत येताना दिसले, त्यात पिवळ्या नंबराचे दोन म्हातारे. आठवा किलोमीटर आला आणि मागून पावलांचा आवाज. पाठोपाठ हाक आली.

"अवो पावनं, पुढं साठीवालं किती गेलं? मला उन्हानं दिसलं न्हाई."

खटावकरांनी मागं न बघता सांगितलं, "दोन."

"खरं सांगताय?"

"दोनच. मी मोजलेत."

खोटं बोलले का? दोनच बघितले होते, दोनच सांगितले. मंडळी, ती दहा जणांची जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नदी ओलांडली, मोजायला बसले, ज्यानं त्यानं स्वतःला सोडून मोजलं, नऊच भरले आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसले. ते बिचारे स्वतःला विसरले आणि रडले. खटावकर स्वतःला विसरले आणि रडायची पाळी दुसऱ्यावर आली. छातीवरचा तिसरा पिवळा नंबर त्यांनी मोजलाच नाही.

तो मागचा माणूस कोण? आनंदा शिंगटे. वय सदुसष्ट. कालव्यावरचा पाटकरी, शेतांना पाणी सोडणारा. तीस वर्षं कालव्याच्या कडेनं चाललेला. दोन वर्षांपासून शर्यतीत पळत होता, पण घरचं कुणी कधी बघायला आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा बायकोला घेऊन आला होता. हौसाबाई. म्हैस शेजारणीवर सोपवून, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली.

"दोन" ऐकलं आणि म्हातारा जीव तोडून पळायला लागला. तिसरा यायचंच! पण खटावकरांनी त्याला पुढं जाऊ दिलं नाही. रेघ ओलांडली, घड्याळ बघितलं, चोपन्न मिनिटं! आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, आणि ती वाळिंब्यांच्या नावावर. असो. उपिटाची बशी घेऊन सावलीला बसले.

पाठोपाठ आनंदा आला. धापा टाकत बायकोला म्हणाला, "तिसरा आलो. चल, म्होरं जाऊन बसू." दोघं मंचाजवळ बसली. हौसाबाईनं शेजारच्या बाईला सांगितलं, "आमचं मालक तिसरं आलं." ती बाई म्हणाली, "ह्या वयात? नशीबवान हो तुम्ही." आनंदानं सदऱ्याची वरची गुंडी लावली.

नावं पुकारली. साठीच्या पुढचा पहिला, दुसरा. आनंदाचा पाय पायरीवर. "तिसरा क्रमांक — दामोदर वाळिंबे!"

म्हाताऱ्यानं पाय खाली घेतला. हौसाबाईनं नवऱ्याकडे बघितलं नाही. पदर सारखा करून ती समोर बघत राहिली.

खटावकरांनी हे सगळं बघितलं. बशी हातात तशीच. बोलायची वेळ हीच होती. तेवढ्यात फोन वाजला. घरून दामूअण्णा! "अहो, मला संदेश आलाय, मी तिसरा आलो म्हणतायत! नातवंडं नाचतायत इथं. चषक सोडू नका, माझ्या वतीनं घ्या."

आणि छातीवरचा नंबर काढून खिशात घातला, खटावकर मंचावर चढले. माईकवर म्हणाले, "अण्णांचा गुडघा दुखतोय, ते शर्यत संपवून घरी गेले. मी त्यांच्या वतीनं स्वीकारतो." टाळ्या!

बघा हं. पहिलं पाऊल, नंबर वाया जाऊ नये म्हणून. दुसरं, फक्त मोजताना विसरले. तिसऱ्याला शुद्ध खोटं. पायऱ्या उतरणाऱ्याला उडी मारावी लागत नाही.

पुढं तीन रविवार गेले. खटावकर पळायला जायचे आणि आठव्या किलोमीटरला मागं वळून बघायचे. मागं कुणी नसायचं. शेवटी दामूअण्णांकडे गेले आणि चषक मागितला. अण्णांनी लगेच काढून दिला. म्हणाले, "न्या बाबा. ह्याच्याकडे बघितलं की दुसराही गुडघा दुखतो." दोघांनी मिळून आयोजकांना पत्र लिहिलं, आनंदाचा पत्ता मिळवला. आयोजकांनी दोघांना वर्षभर बंदी घातली. रास्तच झालं.

खटावकर आनंदाच्या दारात उभे राहिले. सगळं सांगितलं. चषक पुढं केला. म्हाताऱ्यानं तो हातात घेतला, एकदा फिरवून बघितला आणि कट्ट्यावर ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या. आधी आत या. हिला सांगा."

"काय सांगू?"

"मी खोटं बोललो नव्हतो, एवढं सांगा. एस्टीत मला म्हनली, पळा तुम्ही, पर लबाड कशापायी बोललात? तवापासनं मी पळाय गेलो न्हाई."

हौसाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. खटावकरांनी उभ्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तिनं ऐकून घेतलं. हातातली भाकरी तव्यावर टाकली. नवऱ्याला म्हणाली, "चुकलं माझं." मग खटावकरांकडे वळली.

"बरं केलंसा, आलासा. बसा, च्या घ्या. पर दादा, त्या दिशी माझ्याशेजारी बसलेली बाई कोण हो?"

"मला नाही माहीत."

"तिला मी सांगितलं हुतं, आमचं मालक तिसरं आलं. ती आजूनबी म्हनत आसंल, म्हातारी काय फेकती. तिला कुठं गाठायचं?"

आता तुम्हीच सांगा, कुठं गाठायचं? पाप केलं तेव्हा कुणाचं काही गेलं नव्हतं ना? चषक परत आला. म्हातारा परत पळायला लागला. पण हौसाबाईची ती सकाळ कुणाकडून आणून द्यायची?

आता माझ्याकडे बघू नका, स्वतःच्या मांडीखाली बघा. पुढच्या सतरंजीवर तीन टॉवेल आणि एक पिशवी बसलेली आहे. कुणाच्या नावानं धरलेल्या जागा, ते ज्यांनी धरल्या त्यांनाच ठाऊक. ज्यांच्यासाठी धरल्या ते अजून आलेले नाहीत. आणि तिकडं खांबाला टेकून एक आजी कीर्तन सुरू झाल्यापासून उभ्या आहेत. कुणाचं काही गेलं नाही, खरं आहे. सतरंजी देवळाची, टॉवेल तुमचे.

कीर्तन संपल्यावर त्यांना जागा देऊन काय उपयोग? आत्ता उचला ते टॉवेल. या आजी, पुढं या. सावकाश या. त्या बसेपर्यंत मी टाळ हातात घेत नाही.