मधले दोन स्लायडर

वाद्यांच्या दुकानात व्हायोलिनच्या तारा घ्यायला आलेल्या बाईंच्या पुढे एक साठीचा गिटारवाला उभा होता. दुकानदाराने त्याच्यासमोर आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारं इक्वलायझर पेडल ठेवलं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मग नाइलाजाने कान दिला.

"सहा स्लायडर आहेत, काका. डावीकडे खर्ज, उजवीकडे टिपेचे सूर, मधे मधले. वाजवता काय?"

"गिटार. पण त्यात राग-बिग शोधू नका. मी तारा घासतो, खरवडतो, आणि लोक बिचारे सहन करतात."

"एकटेच?"

"धाकटी बहीण असते. चेलोवर."

"मग मधले दोन खाली घ्या. चेलोला जागा मिळते."

"तीस वर्षं तेच करतोय. नाहीतर स्टेजवरच ओरडायची, दादा, माझ्या जागेत पाय पसरू नकोस!"

"हे घ्या, केले खाली. आता ताईंना एकदा घेऊन या, दोघं मिळून वाजवून बघा."

"ती गेली हो. महिना झाला."

"अरेरे... मला माहीत नव्हतं, काका. मग मधले वर घेऊ या ना? एकट्याचं फार पोकळ वाटेल."

"वाटू दे."

"ऐकणाऱ्यांना कळेल, मधलं काहीतरी नाहीये."

"नाहीच आहे ना."

"बरं. बांधून देतो."

"थांबा. चिकटपट्टी असेल तर त्या दोघांवर लावा. खालीच राहू देत."

"ते आपोआप नाही सरकत, काका. कुणी हात लावला तरच."

"माझाच जाईल. मला नाही ऐकवत पोकळ."