बटण वर की खाली

हॅलो?… हो, डोंबिवलीच. मी गोपीनाथकाका… अगं कलावती, तू होय! टिटवाळ्याहून?… छे, झोपलो कुठला, वाचत होतो. बोल.

काय?… उडत नाही? एकही गोळी?… बघ, मला वाटलंच होतं. मी तुझ्या दौलतरावांना म्हटलं होतं, रंगाच्या गोळ्यांची बंदूक मी जन्मात पाहिली नाही, दुसऱ्या कुणाला तरी… हो, हो… अगं ऐक ना…

चाप मऊ झालाय, तो मुद्दामच. आधी घोडा सुटायला बोटाला जोर लावायला लागायचा. आता मी चापाखाली बारीक स्विच बसवलाय. तो दाबला की बॅटरीची वीज सोलेनॉइडला… सोलेनॉइड गं. तारेचं वेटोळं, मधे लोखंडी दांडा. वीज आली की दांडा झटकन सरकतो नि घोडा सोडतो. बोटाचं काम तो करतो.

ठाण्याची मंडळी खेळायला कधी पोचतायत?… पाऊण तासात! अरे देवा.

बॅटरी नवी घातलीत?… उलटी नाही ना?… मग माझंच सोल्डर सुटलं असणार. हात थरथरतात हल्ली… नाही गं, तुझं मन मोठं म्हणून म्हणतेस.

कडेचं बटण चालू केलंत ना? ते छोटं, खटक्याचं… केलंत. दोनदा बघितलंत. सुट्या भागांबरोबर आलेल्या पुस्तकाप्रमाणे. छान.

मग असं कर, मागचा स्क्रू काढून… थांब, थांब. पुस्तकाप्रमाणे म्हणजे कसं?… वर?

वर म्हणजे बंद, कलावती!

अगं, पुस्तक अमेरिकेचं. तिकडे घरातले दिवेसुद्धा बटण वर केल्यावर लागतात म्हणे. मी दोनदा वाचलं गं ते पुस्तक, पेन्सिलने खुणा केल्या. आणि बसवताना हात घरच्यासारखा गेला. आपल्याकडे खाली म्हणजे चालू… हस, हस. मीच गाढव.

हसू नकोस. ऐक. मग ‘बंद’ करायला काय करत होतात इतका वेळ?… खाली. आणि आता कुठाय बंदूक?… दौलतरावांच्या हातात. काय करतायत?… नळी पुसतायत. बटण?… बंद करून. म्हणजे खाली!

गोळ्या भरलेल्या?… गॅसची बाटली जोडलेली?… नळीत डोळा घालून काय बघतायत! कलावती, ओरड! मला सांगू नकोस, त्यांना सांग! तोंड बाजूला घ्या म्हणावं, चापाला हात…

हॅलो?… कलावती?… फट झालं ना काहीतरी? हॅलो!… अगं कुणीतरी बोला…

कोण, दौलतराव? तुम्ही बोलताय! डोळे?… दोन्ही?… दोन्ही दिसतंय ना नीट?… मग लागली कुठे?… कॅलेंडरवर. पिवळा. असू दे, असू दे हो.

कलावती का रडतेय?… तिला पाणी द्या आधी.

काय?… ‘झकास उडते’ काय म्हणताय! नाही. मंडळींच्या हातात ही द्यायची नाही… बटणाशी खडूने लिहून काय होतंय? मी पुस्तक पाठ करून चुकलो, ते पळताना काय वाचणार! जुन्या पाच बंदुका आहेत ना, त्या घेऊन खेळू देत. बोटं दुखली तर दुखू देत.

आता मी सांगतो तसं करा. बटण वर… केलंत? नळी जमिनीकडे. बॅटरी काढा… काढलीत? टेबलावर ठेवा, मला आवाज येऊ दे… हं. आला.

नको, कुणाबरोबर पाठवू नका. मीच येतो… आत्ताच… मंडळी असली तर असू देत. कोण म्हणून विचारलं तर सांगा, बटण उलटं बसवलं तो काका… नाही हो, लाजेचं काय त्यात? म्हणजे आहे. पण येतो.

दौलतराव… ते बटण आत्ता कसं आहे?… वर. नक्की?… परत एकदा बघा.

हं. मी येईपर्यंत तसंच असू दे. ठेवतो.